सातपुड्याच्या पायथ्याची राजधानी

यंदाच्या सहलीत राजधानी पाहायची असे ठरले, तेव्हा मुलांनी दिल्लीचा हट्ट धरला. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट अशी यादीही तयार झाली. थोरांपैकी काहींचा ओढा हैदराबादकडे होता, कारण चारमिनार आणि गोवळकोंडा एका दिवसात उरकता येतात. धर्मग्रामाच्या सहलीचे पैसे मोजल्यावर दोन्ही बेत आपोआप बारगळले. मग आमच्यातील एक निवृत्त इतिहास-शिक्षक शांतपणे म्हणाले, "आपली स्वतःची राजधानी पन्नास किलोमीटरवर आहे. तीच पाहू या ना!" मुले हसली. पन्नास किलोमीटरवर परतवाडा आहे आणि परतवाड्याला लागून अचलपूर. तेथे आत्याचे घर असते, लग्न असते, फार तर चिखलदऱ्याला जाताना चहा असतो. राजधानी कोठून आली?

अशा रीतीने नाताळनंतरच्या सुट्टीत अमरावतीची काही कुटुंबे आणि अकोल्याची काही कुटुंबे परतवाड्याला एकत्र जमली. पुढील दोन दिवसांत आम्ही जे पाहिले आणि घरी परतल्यावर पुस्तके उघडून जे ताडून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वऱ्हाडाला राजधानी एकच होती असे नाही. सर्वांत जुनी म्हणून कौंडिण्यपूरचे नाव घेतात. वर्धा नदीच्या काठावरील हे गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून पुराणांतरी गाजलेले आहे. मोरेश्वर दीक्षितांनी १९६०च्या दशकात तेथे केलेल्या उत्खननाने वस्ती फार प्राचीन असल्याचे दाखवून दिले. दुसरे वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. वाकाटकांची एक शाखा तेथून राज्य करीत होती आणि त्या शाखेतील हरिषेण राजाच्या वराहदेव या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. अजिंठा पाहायला जगभरातून माणसे येतात. त्यामागे वाशीमचा पैसा होता हे वाशीमकरांनाही क्वचितच ठाऊक असते. पण ज्या नगरातून संपूर्ण वऱ्हाडाचा कारभार शतकानुशतके चालला आणि ज्याच्या वास्तू आजही डोळ्यांनी पाहता येतात, असे नगर अचलपूरच.

अमरावतीकरांची सहल घरापासूनच सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही, कारण आमची गाडी जुन्या शहराच्या परकोटाला वळसा घालून निघाली. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आम्ही रोज रिक्षावाल्याला सांगतो. या वेशी निजाम सरकारने बांधलेल्या भिंतीच्या आहेत. तिचे काम १८०७ साली सुरू झाले आणि कारण होते पेंढाऱ्यांचे भय. येथे कापसाचा व्यापार करणारे सावकार होते आणि त्यांची तिजोरी राखायची होती. हा परकोट राजाचा नाही, बाजाराचा आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

अचलपुरात शिरताना प्रथम जाणवतात ते पुरे. सुलतानपुरा, बिलनपुरा, जीवनपुरा अशी मोहल्ल्यांची नावे एकामागून एक येतात आणि जुन्या नगराचा विस्तार कानांनीच मोजता येतो. बिच्छन आणि सापन या नद्या सातपुड्यातून उतरून नगराला बिलगून वाहतात. नवाबांच्या काळातील तटबंदी जागोजागी तुटली आहे, पण दूल्हा दरवाजा उभा आहे. त्याच्या कमानीखालून आजही शाळेची मुले, बकऱ्या आणि ऑटोरिक्षा एकत्रच जातात.

या दरवाज्याचे नाव ज्यांच्यावरून पडले, त्या दूल्हा रहमानशहांचा दर्गा नदीकाठी आहे. तेथे सांगतात ती कथा अशी : गझनीच्या महंमुदाचा भाचा शाह अब्दुल रहमान लग्नाच्या दिवशीच येथील ईल राजाशी लढायला निघाला आणि नवरदेवाच्या वेषातच धारातीर्थी पडला. याच ईल राजाने हे नगर वसविले म्हणून त्याचे नाव एलिचपूर पडले, असेही लोक सांगतात. दोन्ही कथा सुरस आहेत. पण नगराच्या नावाचा इतिहास वेगळा आहे आणि आम्हांला तो कथेहून अधिक सुरस वाटला. गुजरातेतील जैन आचार्य हेमचंद्र बाराव्या शतकात प्राकृताचे व्याकरण लिहीत होते. शब्दातील अक्षरे कशी आपसांत जागा बदलतात हे सांगताना त्यांनी जे उदाहरण घेतले, ते या नगराच्या नावाचे. लिहिताना अचलपूर, पण बोलताना अलचपूर! म्हणजे आठशे वर्षांपूर्वी येथील लोकांच्या जिभेवर 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल झालेली होती आणि तिची कीर्ती गुजरातपर्यंत पोहोचली होती. अलचपूरचे एलिचपूर झाले, इंग्रजांनी तेच लिहून घेतले आणि स्वातंत्र्यानंतर अधिकृत नाव पुन्हा अचलपूर झाले. ईल राजाला त्यासाठी जन्म घ्यायची आवश्यकता नव्हती. नाव त्याहूनही जुने आहे. राष्ट्रकूट राजा नन्नराज याचा इ.स. ६३१चा ताम्रपट अचलपुराहूनच दिलेला आहे.

नगराच्या नैर्ऋत्येस सहा-सात किलोमीटरवर चम्मक नावाचे साधे गाव आहे. आमची गाडी तेथे थांबली नाही याचा पश्चात्ताप आम्हांला आता होतो. वाकाटक सम्राट दुसरा प्रवरसेन याने पाचव्या शतकात हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिले, आठ हजार निवर्तने जमीन मोजून दिली. मौज दानात नाही, अटींत आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, चोरी आणि व्यभिचार करू नये, शस्त्र धरू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास जमीन काढून घेणाऱ्या राजाला दोष लागणार नाही, असे त्या ताम्रपटात स्वच्छ लिहिलेले आहे. दान देतानाही राजा माणसे ओळखून होता.

दुपारी आम्ही हौज कटोऱ्याला गेलो. नगराच्या पश्चिमेस, वस्ती संपते तेथे शेतांच्या मधोमध वाटीसारखा गोल हौज आहे आणि त्याच्या मध्यभागी अष्टकोनी, कमानींचा मनोरा उभा आहे. आम्ही गेलो तेव्हा हौजात पाणी नव्हते, गवत होते. बाजूच्या शेतातील एक वृद्ध गृहस्थ आम्हांला पाहून आले आणि स्वतःहोऊनच सांगू लागले, "ह्याचे वरले दोन मजले नवाबानं उतरवले म्हनतात. त्याच्या वाड्याले विटा पाह्यजे होत्या." नवाब म्हणजे नामदारखान, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील. त्यापूर्वी मनोरा पाच मजल्यांचा होता, आज तीन उरले आहेत. तो कोणी बांधला याविषयी बहामनी आणि इमादशाही अशी दोन्ही नावे घेतली जातात.

त्या मनोऱ्यात राहण्याजोगी जागा नाही, त्याचा संरक्षणासाठी उपयोग नाही. सभोवती पाणी असावे, वर वारा लागावा आणि सातपुड्याची निळी रांग दिसावी, एवढ्यासाठीच कोणीतरी हा खटाटोप केला. केवळ सुखासाठी बांधलेली वास्तू सहसा तेथेच आढळते जेथे राज्याची तिजोरी असते. आम्हांला अचलपूरच्या राजधानीपणाचा हा सर्वांत बोलका पुरावा वाटला. मुलांना तसे वाटले नाही. त्यांनी हौजात क्रिकेट सुरू केले.

सायंकाळी घाट चढताना शिक्षकांनी गाडीतच राजधानीची कुळकथा सांगितली. ती येथे थोडक्यात देतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला तो याच वाटेने, सातपुडा ओलांडून एलिचपुरावरून. देवगिरीच्या रामदेवरायाने तह केला तेव्हा एलिचपूरचा महसूल त्याला तोडून द्यावा लागला. बहामनी राज्यात वऱ्हाड हा स्वतंत्र प्रांत झाला. अहमदशहा बहामनी येथे वर्षभर मुक्काम करून राहिला आणि १४२५च्या सुमारास त्याने गाविलगड बांधविला, नरनाळ्याची डागडुजी केली. पुढे बहामनी राज्य खिळखिळे झाल्यावर येथील सुभेदार फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० साली स्वतःचे राज्य पुकारले. तीच वऱ्हाडची इमादशाही, दख्खनच्या पाच शाह्यांपैकी एक. ती चौऱ्याऐंशी वर्षे टिकली आणि तिची राजधानी एलिचपूर. १५७४ साली अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने ती गिळली. १५९६ साली चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. अकबराचा पुत्र मुराद याने मात्र आपली छावणी बाळापूरजवळ वसविली, तिला शाहपूर नाव दिले आणि १५९९ साली तो वऱ्हाडातच वारला. मोगलांनंतर निजाम आला, त्याच्या मागोमाग नागपूरकर भोसले आले आणि वऱ्हाडात दोन धन्यांचा अंमल सुरू झाला. वसुलाचे साठ भाग भोसल्यांचे, चाळीस निजामाचे. रयतेने दोघांनाही द्यायचे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. कुऱ्हाडीचा दांडा कोणाच्या हातात होता हेही कधीतरी सांगायला हवे.

राजधानी येथेच का, हा प्रश्न घाटातच सुटला. गाडी वर चढत गेली तसे मागे वळून पाहावे तर पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट काळा प्रदेश क्षितिजापर्यंत पसरलेला. उत्तरेकडून, म्हणजे माळव्याकडून आणि दिल्लीकडून येणारे सैन्य डोंगर उतरले की पहिले नगर अचलपूर. ज्याच्या हाती डोंगरातील किल्ला आणि पायथ्याचे नगर, त्याच्या हाती खालचा सारा कापूस आणि ज्वारी. राजे बदलले तरी राजधानी बदलली नाही, कारण वाट बदलली नव्हती.

चिखलदऱ्याला रात्री थंडी कडाक्याची होती. जवळच मरियमपूर आहे. तेथील कोरकू ख्रिस्ती बांधव आमच्यातील अनेकांच्या परिचयाचे, त्यांच्या घरी भेटी झाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही गाविलगडावर गेलो.

किल्ल्याचे नाव गवळ्यांवरून पडले असे मानतात. समुद्रसपाटीपासून तो सुमारे अकराशे मीटर उंच आहे. ऐन-इ-अकबरीत अबुल फजलाने या किल्ल्याच्या बळकटपणाची तारीफ केली आहे आणि शस्त्रांच्या पोलादाला पाणी देण्यासाठी येथील झऱ्याचे पाणी वापरीत अशी नोंद केली आहे. आज आत तलाव आहेत, भग्न मशीद आहे, झुडुपांत हरवलेल्या तोफा आहेत. पण आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो ते उत्तरेच्या दिल्ली दरवाज्यापाशी.

हे काम फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्काचे, १४८८ साली किल्ला दुरुस्त करविला तेव्हाचे. दरवाज्यावर शिल्पे आहेत : हत्तींना अंकित केलेले सिंह आणि दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी. मुलांनी विचारले, "मुसलमान राजाच्या दरवाज्यावर हा पक्षी कसा?" त्याचे उत्तर फत्तेउल्लाच्या चरित्रात आहे. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की तो मूळचा विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मणाचा मुलगा. अहमदशहा बहामनीच्या स्वारीत तो लहानपणीच पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या घरात वाढला, मुसलमान झाला आणि कर्तबगारीच्या बळावर त्याच सुभेदारीवर बसला. गंडभेरुंड ही विजयनगरच्या मुलखातील राजचिन्हांपैकी एक खूण. पुढे तेथील नाण्यांवरही ती आली. म्हातारपणी दिल्लीकडे तोंड केलेला दरवाजा बांधताना त्याला बालपणीच्या मुलखातील पक्षी आठवला असावा, असे अनेकांना वाटते.

येथे सावधपणे बोलले पाहिजे. गंडभेरुंड दख्खनच्या इतरही किल्ल्यांवर आढळतो. तो बळाचे चिन्ह म्हणून पाथरवट कोरीत असत, आणि कोरणाऱ्याचा धर्म कोणता होता हे दगड सांगत नाही. म्हणून फत्तेउल्लाच्या मनात काय होते याची आम्ही शपथ घेणार नाही. पण त्याच काळातील दुसरे उदाहरण पाहावे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुषही धर्मांतरित ब्राह्मणच. त्याचे वडिलोपार्जित गाव पाथरी वऱ्हाडच्या हद्दीत पडत होते आणि ते परत मिळविण्यासाठी निजामशहाने इमादशहाशी लढाया केल्या. पिढी उलटली, धर्म बदलला, सिंहासन मिळाले, तरी आजोबांच्या गावासाठी जीव तुटत होता. दोन शाह्या, दोन्हींची मुळे ब्राह्मणांच्या ओसरीवर, आणि भांडण एका खेड्यावरून!

आमच्यातील एक आजी बराच वेळ त्या पक्ष्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूबाई नाताळला करंज्या करताना पहिली करंजी जात्यापाशी ठेवायच्या. का ते विचारलं तर म्हणायच्या, आमच्याकडं ठेवतात." कोणी काही बोलले नाही. वऱ्हाडातील आमच्या घरांत अशा गोष्टी असतात. लग्नात हळद असते, मांडव असतो, आडनावे गावांची असतात. आमच्या मुलांना शाळेत कोणीतरी कधीतरी विचारतेच, "तुम्ही मूळचे कुठले?" प्रश्नाचा रोख असा असतो की जणू आम्ही परवा आगगाडीतून उतरलो. यंदा सहावीत असलेली एक मुलगी हा प्रश्न ऐकून रडत घरी आली होती. तिच्या वडिलांनी तिला त्या दिवशी दरवाज्याखाली उभे करून फत्तेउल्लाची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. ती तिला कितपत कळली कोण जाणे. पक्ष्याचे चित्र मात्र तिने वहीत काढून घेतले.

गाविलगडाची शेवटची लढाई डिसेंबरातलीच. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे भोसल्यांच्या सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला आणि उरलेले सैन्य या किल्ल्यात शिरले. इंग्रजांचा सेनापती जनरल वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. त्याने एलिचपुरात जखमींसाठी इस्पितळ मांडले आणि स्वतः दक्षिणेच्या बाजूने किल्ल्यासमोर तळ दिला. खरा घाव उत्तरेकडून घालायचा होता. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने ७ डिसेंबरपासून पाच दिवस, रस्ता नव्हता तेथे रस्ता करीत, अवजड तोफा डोंगरातून ओढून वर आणल्या. त्या वाटेचा प्रदेश पाहिल्यावर त्या बैलांची आणि बिगारींची कल्पना येते. इतिहासात त्यांची नावे नाहीत. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडले, पण आत दुसरा तट होता. एका स्कॉटिश तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे रजपूत साथीदार लढता लढता पडले. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावच्या तहावर भोसल्यांची सही झाली. किल्ला भोसल्यांना परत मिळाला, पुढे तो इंग्रजांकडे गेला आणि १८५८ साली तात्या टोपे त्याचा आश्रय घेतील या धास्तीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. एवढा किल्ला एका माणसाच्या भीतीने मोडावा, यातच तात्यांचे मोठेपण आले.

दुपारी घाट उतरून आम्ही अकोटच्या रस्त्याला लागलो, कारण अकोल्याच्या मंडळींना घरी पोहोचवायचे होते आणि जाता जाता नरनाळा पाहायचा होता. वाटेत अंजनगाव सुर्जी लागते. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो येथेच. पण आम्ही गाडी थांबविली ती तहासाठी नव्हे, रुळांसाठी.

गवतात दडलेले, हातभर अंतराचे वाटावेत असे ते अरुंद रूळ शकुंतला गाडीचे. मूर्तिजापूर ते अचलपूर, सुमारे ७६ किलोमीटर. आमच्यातील वडीलधाऱ्यांनी या गाडीतून प्रवास केलेला आहे. वाफेचे इंजिन १९९४ साली गेले, डिझेलचे आले आणि आता काही वर्षांपासून तीही गाडी बंद आहे. ती इतक्या सावकाश जायची की तरुण मंडळी खाली उतरून शेतातील हरभरा उपटून पुन्हा चढत, असे एका काकांनी सांगितले. प्रत्येक छोट्या गाडीविषयी हे सांगतात. तरीही आम्ही विश्वास ठेवला.

अचलपूर राजधानी का उरली नाही, याचे उत्तर या रुळांत आहे. लढाईने ती गेली नाही. खलजी आला, मोगल आले, वेलस्ली आला, तरी नगर होते. १८५३ साली निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि इंग्रजांनी कारभाराची ठाणी खालच्या मैदानात नेली. पूर्व वऱ्हाडचे ठाणे अमरावतीला, पश्चिम वऱ्हाडचे अकोल्याला. अमरावती ही कापसाची पेठ होती. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने तेथून एक लाख बैलांवर लादून कापूस बाहेर पाठविल्याची नोंद आहे. पूर्वी हा माल लमाणांच्या तांड्यांबरोबर डोंगर ओलांडून उत्तरेस गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडी कापूस हवा झाला आणि त्याच दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा करीत १८६७ साली नागपूरला पोहोचला. तो सरळ मैदानातून गेला. उत्तरेचा घाट आता कोणाला नको होता, सर्वांना पश्चिमेचे बंदर हवे होते. अचलपूर काही काळ लहानशा जिल्ह्याचे ठाणे म्हणून टिकले. १९०५ साली तो जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. परतवाड्याची लष्करी छावणी उठली. ही छोटी गाडी अचलपूरपर्यंत पोहोचली तेव्हा फार उशीर झालेला होता.

आकडे बोलके आहेत. १९०१ च्या शिरगणतीत एलिचपूरची वस्ती २६ हजार, अकोल्याची २९ हजार आणि अमरावतीची ३४ हजार होती. तिघांत फारसे अंतर नाही. २०११ च्या जनगणनेत अचलपूर १ लाख १२ हजार, अकोला सव्वाचार लाख, अमरावती साडेसहा लाखांच्या जवळ. आमच्या धर्मप्रांताची स्थापना १९५५ साली झाली, तेव्हा बिशपांचे आसन अमरावतीला आले आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे मंदिर कॅथेड्रल झाले. ते अचलपूरला व्हावे असे कोणाच्या मनातही आले नसेल. आमची प्रार्थनामंदिरेसुद्धा बहुतेक लोहमार्गाच्या कडेकडेनेच उभी राहिली आहेत, आणि आमच्यापैकी अनेकांचे आजोबा रेल्वेत किंवा जिनिंगमध्येच होते.

नरनाळ्याला पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती. किल्ला अभयारण्यात आहे, त्यामुळे वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात, आणि आम्हांला तासाभराहून अधिक वेळ मिळाला नाही. नऊगजी तोफ मुलांनी धावत जाऊन पाहिली. आम्ही महाकाली दरवाज्यापाशी थांबलो. वालुकाश्मात कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंना जाळीदार सज्जे आणि वर अरबी अक्षरांची सुरेख ओळ. काम १४८७ सालचे, म्हणजे गाविलगडच्या दुरुस्तीच्या एक वर्ष आधीचे, आणि नाव पुन्हा फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्काचेच. दरवाज्यावर कुराणातील वचने आणि लोकांच्या तोंडी नाव मात्र महाकालीचे. याच किल्ल्यात त्याच्या वंशातील शेवटचा राजा, बुर्हान इमादशहा, लहान वयातच कैदेत पडला होता. त्याला कैद करणारा तुफालखान हा त्याच्याच राज्याचा कारभारी. १५७४ साली निजामशहाने किल्ला घेतला तेव्हा धनी आणि चाकर दोघेही बंदी झाले, आणि दोघेही दूरच्या किल्ल्यात मेले. त्या मुलाने या जाळीतून खाली शहानूरचे जंगल पाहिले असेल. राजधानी त्याला येथून दिसत नव्हती.

वनरक्षकाने शिट्टी वाजविली तशी सर्व मंडळी निघाली. गाडीत बसल्यावर त्या सहावीतल्या मुलीने वही उघडून विचारले, "सर, त्या पक्ष्याची दोन तोंडं कुठं कुठं बघतात?"

"एक दिल्लीकडे असावं," शिक्षक म्हणाले.

"आणि दुसरं?"

शिक्षकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "दरवाजा उत्तरेला आहे. तू नीट काढलं आहेस ना? मग वही फिरवून बघ." ती वही इकडे तिकडे फिरवीत होती आणि अकोट मागे पडेपर्यंत मुलांत त्यावरून वाद चालला होता. अकोल्याला पोहोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.